भाषा-शंका : उच्चार एक, शब्द दोन

इंग्रजीतील समोच्चारी शब्दांविषयी, म्हणजे कानाला सारखे वाटणाऱ्या पण अर्थाने आणि बहुधा लेखनानेही वेगळ्या असणाऱ्या शब्दांविषयी, गेल्या काही महिन्यांत बरीच पत्रे आली. त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत. इंग्रजी अक्षरे त्यांच्या नावांनी लिहिली आहेत. वाचताना कागद-पेन्सिल जवळ ठेवून ती मांडून पाहिल्यास सोयीचे होईल.

प्रश्न : माझा मुलगा मराठी माध्यमाच्या शाळेत सातवीत शिकतो. समोच्चारी शब्दांच्या जोड्यांची एक लांबलचक यादी त्याला पाठ करायला दिली आहे. रात्री तो सगळ्या जोड्या घडाघडा म्हणून दाखवतो आणि सकाळी आठवड्याचा ‘वीक’ अशक्त माणसाच्या ‘वीक’सारखा लिहितो. माझे स्वतःचे इंग्रजी बेताचेच आहे. घरी त्याचा अभ्यास कसा घ्यावा?
— एक पालक, वाई

उत्तर : आपल्या मुलाच्या स्मरणशक्तीविषयी काळजी करू नये, दोष यादीच्या मांडणीत आहे. उच्चाराने सारखे असलेले दोन अनोळखी शब्द एकाच ओळीत शेजारी ठेवून एकाच दिवशी पाठ केले, की ते एकमेकांना धरूनच मनात बसतात. पुढे आठवताना दोन्ही एकदम वर येतात आणि कोणते लेखन कोणत्या अर्थाचे, हे ठरवायला मुलाजवळ कसलाच आधार उरत नाही. परभाषेतील शब्दसंग्रहाचा दीर्घकाळ अभ्यास केलेले न्यूझीलंडमधील प्राध्यापक पॉल नेशन यांनीही एकमेकांच्या जवळचे शब्द एकाच वेळी शिकवू नयेत, असे शिक्षकांना सुचवले आहे. आपल्याकडील गाइडांतून मात्र जोड्याच छापल्या जातात, कारण परीक्षेत प्रश्न जोडीने येतो. पण प्रश्न ज्या रूपात विचारला जातो त्याच रूपात अभ्यास केला पाहिजे, असे मुळीच नाही.

म्हणून आधी या जोड्या फोडाव्यात. पहिल्या पंधरवड्यात फक्त आठवड्याचा ‘वीक’ घ्यावा आणि तो एकटा न घेता त्याच्या गोतावळ्यासह घ्यावा: ‘लास्ट वीक’, ‘नेक्स्ट वीक’, ‘वीकली’, ‘वीकेंड’. या साऱ्यांत मध्ये दोन ‘ई’ आहेत. हे लेखन हाताला वळण पडल्यासारखे झाले, की मग अशक्त माणसाचा ‘वीक’ आणावा, तोही ‘वीकनेस’ आणि ‘वीक इन मॅथ्स’ यांच्या संगतीत. त्याच्या पोटात ‘ई’ आणि ‘ए’ आहेत. पहिला शब्द तोवर पक्का झालेला असल्यामुळे दुसरा त्याला हलवू शकत नाही.

गोतावळ्याचा दुसरा फायदा असा, की पुष्कळदा शब्दाचे लेखन त्याच्या नातलगाकडूनच कळते. बरे होण्याच्या ‘हील’मध्ये ‘ई-ए’ आहे, कारण तो ‘हेल्थ’च्या घरातला आहे, टाचेच्या ‘हील’चा आरोग्याशी संबंध नाही, म्हणून तिथे दोन ‘ई’. मांसाच्या ‘मीट’मधले पहिले अक्षर झाकले, तर खाण्याचा ‘ईट’ उरतो. ऐकण्याच्या ‘हिअर’मध्ये पहिले अक्षर सोडून कानाचा ‘इअर’ जसाच्या तसा बसलेला आहे. येथे, तेथे, कोठे हे अर्थ सांगणारे ‘हिअर’, ‘देअर’, ‘व्हेअर’ हे तिन्ही शब्द लिहून पाहावेत. तिन्हींच्या शेवटी एच-ई-आर-ई हीच चार अक्षरे येतात. एवढे समजले, की ‘त्यांचा’ या अर्थाचा ‘देअर’ आपोआप वेगळा पडतो. त्याच्या पोटात एच-ई-आय-आर, म्हणजे वारस हा शब्द आहे आणि वारसाचा संबंध मालकीशी असतो. हा शेवटचा निव्वळ योगायोग आहे, व्युत्पत्ती नव्हे. तरी लक्षात ठेवण्यापुरता तो उपयोगी पडतो.

आपले इंग्रजी बेताचे असल्याची अडचण वाटते त्याहून लहान आहे. आपण सुटा इंग्रजी शब्द उच्चारून मुलाला लिहायला सांगितले, तर प्रश्नच चुकीचा ठरतो, कारण नुसत्या उच्चारावरून कोणता ‘वीक’ हे इंग्लंडच्या माणसालाही सांगता येणार नाही. त्याऐवजी आपण मराठी वाक्य म्हणावे, ‘पुढच्या आठवड्यात सहल आहे’, ‘आजारपणाने तो अशक्त झाला’, ‘समुद्राला भरती आली’, आणि त्यातील नेमक्या शब्दासाठी मुलाने इंग्रजी शब्द लिहावा. अर्थाकडून लेखनाकडे जाण्याची ही सवय परीक्षेपुरती नव्हे, पुढेही कामास येते, कारण प्रत्यक्ष लिहिताना माणसाच्या मनात आधी अर्थच असतो. वाक्ये लिहून ठेवली आणि उत्तरे पुस्तकातून पडताळली, की झाले.

दोन गोष्टी टाळाव्यात. वहीत इंग्रजी शब्दापुढे देवनागरीत उच्चार लिहिण्याची पद्धत सर्वत्र आहे. समोच्चारी शब्दांच्या बाबतीत ती घातक ठरते, कारण ‘मेल’, ‘मेल’ असे दोनदा लिहिल्यावर टपाल आणि पुरुष यांच्यातला जो काही फरक कागदावर होता तोही पुसला जातो. या शब्दांपुढे उच्चाराऐवजी मराठी अर्थच लिहावा. आणि अशा याद्यांत जे शब्द मुळात समोच्चारी नाहीत ते आधी काढून टाकावेत. ‘क्वाएट’ आणि ‘क्वाइट’, ‘डेअरी’ आणि ‘डायरी’, ‘लूज’ आणि ‘लूस’ हे शब्द दिसायला सारखे आहेत, ऐकायला नाहीत. ‘बॅड’ आणि ‘बेड’ तर दिसतातही वेगळे आणि ऐकूही वेगळे येतात. ते बऱ्याच याद्यांत का असतात, याचे उत्तर खाली एका शिक्षिकेच्या पत्राला दिले आहे.

प्रश्न : मी निवृत्त बँक कर्मचारी असून नातवंडांना शिकवतो. इंग्रजीत असे शब्द इतके का असावेत? जसा उच्चार तसे लेखन केले असते, तर मुलांचा हा सारा त्रास वाचला नसता काय?
— एक ज्येष्ठ वाचक, सांगली

उत्तर : यांपैकी पुष्कळ शब्द पूर्वी समोच्चारी नव्हतेच. सरदार या अर्थाच्या ‘नाइट’च्या आरंभी जो ‘के’ आज मुका बसला आहे, तो जुन्या इंग्रजीत स्पष्ट उच्चारला जाई, आणि मधल्या ‘जी-एच’च्या जागी घशातून घासून येणारा, आपल्या ‘ख’च्या जवळचा ध्वनी होता. रात्रीच्या ‘नाइट’मध्येही तो ध्वनी होता, पण आरंभी ‘क’ नव्हता. म्हणजे ऐकणाऱ्याला दोन्ही शब्द वेगळे कळत. पुढे घशातला ध्वनी लोपला, सतराव्या-अठराव्या शतकांच्या सुमारास ‘न’च्या आधीचा ‘क’ही लोपला आणि दोन शब्दांचा एक उच्चार उरला. लिहिण्याच्या ‘राइट’मधला मुका ‘डब्ल्यू’ही अशाच रीतीने मुका झालेला आहे.

स्वरांची कथा याहून रंजक आहे. भेटण्याचा ‘मीट’ आणि मांसाचा ‘मीट’ यांतले स्वर चौदाव्या शतकात निराळे होते. पहिला आपल्या ‘ए’सारखा, तर दुसरा अधिक उघड्या तोंडाने उच्चारला जाणारा. सुमारे १४०० ते १७०० या तीन शतकांत इंग्रजीचे दीर्घ स्वर एकामागून एक जागा सोडून वर सरकले. भेटण्याच्या ‘मीट’चा स्वर आधी ‘ई’पर्यंत पोचला, मांसाच्या ‘मीट’चा मागाहून पोचला आणि दोघांची गाठ पडली. ‘ग्रेट’, ‘ब्रेक’ आणि ‘स्टेक’ हे तीन शब्द त्या प्रवासात मागे राहिले. म्हणून त्यांत ‘ई-ए’ असूनही आपण ‘ग्रीट’ किंवा ‘ब्रीक’ म्हणत नाही. दरम्यान विल्यम कॅक्स्टन याने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टर येथे छापखाना सुरू केला होता. छापखान्यांनी लेखनाला हळूहळू घट्ट बांधले. जीभ मात्र चालतच राहिली. आजचे इंग्रजी लेखन पुष्कळ अंशी त्या काळच्या उच्चारांचे छायाचित्र आहे.

काही शब्दांत प्रकार उलटा आहे. तिथे एकाच शब्दाचे लेखनाने दोन तुकडे केले. पिठाचा ‘फ्लॉवर’ आणि फुलाचा ‘फ्लॉवर’ मुळात एकच. दळणातला सर्वांत उत्तम, चाळून निघालेला भाग म्हणजे त्याचे ‘फूल’, या लाक्षणिक अर्थाने पिठाला तो शब्द लागला. सॅम्युएल जॉन्सनच्या १७५५ च्या कोशातही पिठासाठी निराळे लेखन नाही. दोन्ही अर्थ एकाच शब्दाखाली आहेत. मजल्याचा ‘स्टोरी’ आणि गोष्टीचा ‘स्टोरी’, धातूचा ‘मेटल’ आणि माणसाच्या अंगची धमक सांगणारा ‘मेटल’, हेही असेच फुटून वेगळे झालेले.

आता आपल्या सूचनेविषयी. उच्चाराप्रमाणे लेखन करण्याचा प्रयोग मराठीने स्वतःवर केलेला आहे. जुन्या मराठी लेखनात माणसाचे ‘नांव’ अनुस्वार देऊन लिहीत आणि पाण्यातली ‘नाव’ बिनअनुस्वाराची असे. हा अनुस्वार बोलण्यात ऐकू येत नसे. मराठी साहित्य महामंडळाने केलेल्या आणि शासनाने १९६२ मध्ये स्वीकारलेल्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले आणि दोन्ही शब्द ‘नाव’ झाले. त्याच नियमांनी शब्दाच्या अखेरचे इकार-उकार दीर्घ केल्यामुळे हात या अर्थाचा संस्कृत ‘पाणि’ एकटा लिहिताना पिण्याच्या पाण्यासारखाच दिसू लागला. ‘पाणिग्रहणा’त तेवढा तो ऱ्हस्व उरला. याने कोणाचे फारसे अडले नाही. ‘नावेत’ आणि ‘नावाने’ अशी सामान्यरूपेच वेगळी होतात आणि राहिलेले काम वाक्य करते.

इंग्रजीत हे सहज जमण्यासारखे नाही. सर्वांवर बंधनकारक असे नियम करणारी संस्था त्या भाषेला नाही, आणि असती तरी लंडनचा उच्चार प्रमाण धरावा की ग्लासगोचा, की शिकागोचा, हा तंटा मिटला नसता. शिवाय इंग्रजी शब्दाला सामान्यरूप नसते, विभक्तिप्रत्यय नाहीत, एकच रूप नाम म्हणून आणि क्रियापद म्हणून चालते. अशा भाषेत डोळ्यांना दिसणारा फरक वाचकाला बराच हात देतो. लिहिणाऱ्याचा त्रास हा वाचणाऱ्याच्या सोयीसाठी भरलेला कर आहे, असे माझे मत आहे. लहान मुलांकडून तो वसूल करताना मात्र थोडी सबुरी ठेवावी.

प्रश्न : मी इंग्रजी लघुलेखन शिकत असून न्यायालयात लघुलेखक होण्याची इच्छा आहे. डिक्टेशन घेताना माझी टिपणे बरोबर असतात, पण ती उतरवून काढताना ‘काउन्सेल’, ‘प्रिन्सिपल’, ‘साइट’ अशा शब्दांत चुका होतात आणि गुण जातात. वेगळा सराव करावा काय?
— एक विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : आपली अडचण आपल्या विद्येच्या स्वभावातच आहे. आयझॅक पिटमन यांनी १८३७ मध्ये प्रसिद्ध केलेली लघुलेखनाची पद्धत ध्वनीवर उभी आहे. तिच्यात मुके अक्षर नसते, जे कानावर पडते त्याचीच आकृती काढायची असते, आणि वेग वाढला की स्वरचिन्हेही गाळली जातात. म्हणजे समोच्चारी शब्दांची आउटलाइन एकच राहणार. निर्णय टिपण घेताना करायचाच नाही. तो उतरवताना, पूर्ण वाक्य वाचून झाल्यावर करायचा. एकेक आउटलाइन वाचून लगेच टंकलिखित करण्याची सवय असेल, तर ती प्रथम मोडावी.

वाक्य वाचल्यावर पहिला प्रश्न व्याकरणाचा विचारावा: या जागी नाम हवे की क्रियापद? भारतातील न्यायालये ब्रिटिश लेखन पाळतात आणि त्यात एक सोयीचा नियम आहे. सल्ला या नामात, ‘ॲडव्हाइस’मध्ये, ‘सी’ आणि सल्ला देणे या क्रियापदात, ‘ॲडव्हाइझ’मध्ये, ‘एस’. येथे उच्चारही बदलतो, म्हणून ही जोडी कोणी चुकत नाही. ‘प्रॅक्टिस’ आणि ‘लायसन्स’ यांत उच्चार बदलत नाही, पण नियम तोच: नामात ‘सी’, क्रियापदात ‘एस’. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील ‘ड्रायव्हिंग लायसन्स’ नाम असल्यामुळे ‘सी’नेच लिहिलेले आढळेल. अमेरिकी लेखनात या दोन शब्दांत ही विभागणी नाही. संगणकावरील शब्दतपासणी अमेरिकी इंग्रजीवर ठेवलेली असेल, तर ती बरोबर शब्दाखाली लाल रेघ ओढील. तिच्याकडे दुर्लक्ष करावे, किंवा भाषेची निवड बदलून घ्यावी.

दुसरा प्रश्न अर्थाचा. वकील किंवा सल्ला या अर्थी शेवट एस-ई-एल. परिषद या अर्थी सी-आय-एल. आपल्याला ‘सल्ल्या’तला ‘स’ आणि ‘एस’ यांची सांगड घालता येते, तर परिषदेच्या ‘सी’साठी ‘कमिटी’ आठवावी. गोंधळ होतो तो ‘बार काउन्सिल’ येथे, कारण ती वकिलांचीच आहे. पण ती परिषद आहे, म्हणून ‘सी’. वकील या अर्थाच्या शब्दाचे अनेकवचन करतानाही शेवटी ‘एस’ जोडला जात नाही. एक वकील असो वा चार, शब्द तोच. समुपदेशक आणि परिषदेचा सदस्य हे त्यांच्यापासून बनलेले शब्दही हीच वाटणी पाळतात.

‘प्रिन्सिपल’च्या बाबतीत इंग्रज मुलांना शिकवतात, की मुख्याध्यापक आपला ‘पॅल’, म्हणजे मित्र, असतो. आपल्या मुलांना ते फारसे पटण्यासारखे नाही. त्यापेक्षा असे पाहावे: मुख्य, प्रधान हा अर्थ असेल, तर शेवट ‘सेंट्रल’, ‘जनरल’, ‘फायनल’ या विशेषणांसारखा ए-एल. महाविद्यालयाचे प्राचार्य, कर्जाचे मुद्दल, आणि १८७२ च्या भारतीय करार कायद्यात अभिकर्त्याला, म्हणजे एजंटाला, काम सोपवणारा माणूस, हे सगळे याच लेखनाचे. तत्त्व असेल, तर ‘रूल’प्रमाणे एल-ई. तत्त्वाचा शब्द नेहमी नामच असतो. त्यामुळे पुढे दुसरे नाम जोडलेले दिसले, की बहुधा ए-एल लिहावे.

‘साइट’ तीन आहेत. दाखला देण्याचा ‘सी’ने सुरू होतो आणि ‘सायटेशन’चा भाऊ आहे, जागेचा एस-आय-टी-ई, ‘सिच्युएशन’च्या घरातला, दृष्टीच्या शब्दात ‘लाइट’प्रमाणे जी-एच. न्यायनिर्णयांत याखेरीज हक्क सोडून देण्याचा ‘वेव्ह’ वारंवार येतो, ज्यात ‘आय’ असतो आणि समुद्राच्या लाटेत नसतो. तसेच जामिनाचा ‘बेल’, त्यातही ‘आय’. ए-एल-ई शेवट असलेला ‘बेल’ म्हणजे कापसाची गाठ; भारतात ती १७० किलोची धरतात आणि जिनिंगच्या व्यवहारातील दाव्यांत ती आपल्यासमोर येईलच. वेगळा सराव करायचाच असेल, तर सुट्या शब्दांचा करू नये. न्यायनिर्णयांतील सलग परिच्छेद घेऊन करावा.

प्रश्न : आमच्या दुकानाची नवी पाटी रंगवायची आहे. वह्या-पेनांच्या ‘स्टेशनरी’त शेवटी ‘ए-आर-वाय’ की ‘ई-आर-वाय’? बाजारात दोन्ही दिसतात.
— एक दुकानदार, लातूर

उत्तर : ‘ई-आर-वाय’. ‘पेपर’ या शब्दाच्या शेवटी ‘ई-आर’ आहे, तेच येथे. ‘ए-आर-वाय’ लिहिल्यास अर्थ होतो ‘स्थिर, जागचे न हलणारे’. अपघाताच्या दाव्यात रस्त्याकडेला उभ्या असलेल्या ट्रकचे वर्णन त्या शब्दाने करतात. गंमत अशी, की दोन्ही शब्दांचे मूळ एकच आहे. मध्ययुगीन युरोपात पुष्कळसे विक्रेते गावोगाव फिरत. पुस्तके विकणाऱ्याचे दुकान मात्र एका जागी, बहुधा विद्यापीठाच्या आसऱ्याला, स्थिर असे, म्हणून लॅटिनमध्ये त्याला ‘स्टेशनेरियस’ म्हणू लागले. त्याच्याकडचा माल तो ‘स्टेशनरी’. तेव्हा चुकीची पाटी रंगवणाऱ्यांना इतिहासाचा थोडासा आधार आहे, कोशाचा नाही.

प्रश्न : माझा नातू कॅलिफोर्नियात वाढतो आहे. माझ्या संग्रही असलेल्या जुन्या ब्रिटिश व्याकरणातून मी त्याला समोच्चारी शब्द शिकवत होते. ‘सॉस’ आणि ‘सोर्स’ समोच्चारी आहेत, हे त्याला मान्य नाही. उलट खाटेचा ‘कॉट’ आणि पकडल्याचा ‘कॉट’ एकच आहेत, असे तो म्हणतो, जे माझ्या पुस्तकात नाही. ‘मेटल’ला तो ‘मेडल’ म्हणतो. आमच्यापैकी कोण बरोबर?
— एक आजी, ठाणे

उत्तर : आपण दोघेही आपापल्या गावी बरोबर आहात. दक्षिण इंग्लंडच्या प्रमाण उच्चारात ‘र’च्या पुढे स्वर नसेल, तर तो उच्चारत नाहीत, त्यामुळे तेथे चटणीवजा ‘सॉस’ आणि उगमाचा ‘सोर्स’ सारखे ऐकू येतात आणि पकडल्याचा ‘कॉट’ हा न्यायालयाच्या ‘कोर्ट’पासून वेगळा करता येत नाही. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी हा ‘र’ उच्चारतात, आणि आपणही उच्चारतो. म्हणजे आपल्या पुस्तकातील ती जोडी लंडनमध्ये समोच्चारी आहे. सॅन फ्रान्सिस्कोत नाही आणि ठाण्यातही नाही.

खाटेच्या ‘कॉट’चे उलटे आहे. इंग्लंडमध्ये तो आखूड आणि पकडल्याचा लांब, शिवाय दोन्हींचे स्वरही निराळे. अमेरिकेच्या पश्चिम भागात आणि कॅनडात हे दोन स्वर पुष्कळांच्या बोलण्यात एक झालेले आहेत. आपणही मराठीत दोन्ही ‘कॉट’च म्हणतो, तेव्हा या एका शब्दापुरते आजी-नातवाचे एकमत होण्यास हरकत नसावी. ‘मेटल’मधला दोन स्वरांमध्ये सापडलेला ‘ट’ अमेरिकी तोंडात जिभेच्या हलक्या फटक्यासारखा होतो आणि ‘ड’च्या जवळ जातो, त्यामुळे तेथील मुलाला धातू आणि पदक हे समोच्चारी शब्द आहेत. आणखी एक उदाहरण स्कॉटलंडचे: तेथे ‘कोणता’ या अर्थाचा ‘व्हिच’ आणि चेटकिणीचा ‘विच’ आजही अनेकजण वेगळे उच्चारतात, बाकी बऱ्याच जगाने ते एक केले आहेत. आपण नातवाला शिकवताना लेखन आणि अर्थ यांवर भर द्यावा. त्या दोन्ही गोष्टी बहुतेक सर्व देशांत सारख्या आहेत. कोणते शब्द सारखे ऐकू येतात, हे त्यानेच आपल्याला सांगावे.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवते. माझे विद्यार्थी ‘व्हेस्ट’ आणि ‘वेस्ट’, ‘झेलस’ आणि ‘जेलस’, ‘शिप’ आणि ‘शीप’ यांत भेद करत नाहीत. यांना समोच्चारी म्हणावे काय?
— एक शिक्षिका, कुडाळ

उत्तर : म्हणू नये. हे शब्द इंग्रजीत वेगळेच आहेत. आपल्या जिभेने त्यांना एकत्र आणले आहे. यांचा उपाय वेगळा असतो, म्हणून यांची यादीही वेगळी ठेवावी: खऱ्या समोच्चारी शब्दांत कानाचा काही उपयोग नसतो, लेखन आणि अर्थच शिकावे लागतात, या शब्दांत आधी कान आणि जीभ तयार करावी लागते, लेखन मागाहून येते. ‘बॅड’ आणि ‘बेड’ ही जोडीही याच दुसऱ्या यादीतली. भारतातील अनेक भाषांच्या विद्यार्थ्यांना त्या दोन स्वरांतला भेद कठीण जातो आणि याद्या सर्वांसाठी म्हणून छापलेल्या असतात. मराठीने ‘ॅ’ आणि ‘ॉ’ ही चिन्हे घेतलेली असल्यामुळे आपल्या मुलांना ‘बॅट’ आणि ‘बेट’ यांतला फरक लहानपणापासून ठाऊक असतो.

मराठी ‘व’ हा इंग्रजीच्या दोन ध्वनींच्या मधोमध आहे. आपण लिहिताना ‘व्हॅन’ आणि ‘वॉच’ असा भेद करतो खरा, पण तो संकेत फार पक्का नाही. त्याच ‘व्ह’ने आपण ‘व्हील’ आणि ‘व्हाइट’ही लिहितो, जिथे ‘डब्ल्यू’चा ध्वनी आहे. वर्गात लेखनाऐवजी ओठांकडे पाहायला लावावे. ‘फॅन’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकतात. दात तेथेच ठेवून घशातून आवाज काढला, की ‘व्हॅन’ होते. ‘वेस्ट’साठी ओठ ‘ऊ’सारखे गोल करून ‘ऊ-एस्ट’ जलद म्हणायला लावावे. दात ओठाला लागता कामा नयेत.

‘झेलस’ आणि ‘जेलस’ यांत मराठी मूल मुळात दोन पावले पुढे आहे, कारण त्याच्या भाषेत ‘जागा’मधला दंत्य ‘ज’ आणि ‘जीवन’मधला तालव्य ‘ज’ असे दोन ध्वनी आधीच आहेत. ‘जागा’मधल्या ध्वनीत जीभ दातामागे क्षणभर अडते, ती न अडवता हवा सोडली, की इंग्रजी ‘झेड’ मिळतो. ही जोडी मात्र लवकर सुधारावी. एखाद्या उत्साही कार्यकर्त्याला शिफारसपत्रात मत्सरी म्हटले गेले, तर त्याला ते आवडणार नाही.

‘शिप’ आणि ‘शीप’ सर्वांत कठीण. मराठीत ‘दिन’ आणि ‘दीन’ आपण वेगळे लिहितो, पण बोलण्यात तो भेद जवळजवळ उरलेला नाही. जो भेद घरच्या भाषेत कानाला लागत नाही, तो परभाषेत एकदम लागेल अशी अपेक्षा धरू नये. शिवाय इंग्रजीत हा भेद केवळ लांबीचा नाही. जहाजाच्या ‘शिप’मधला स्वर ‘इ’ आणि ‘ए’ यांच्या मधला, सैल जबड्याने उच्चारायचा असतो. मेंढीचा ‘शीप’ म्हणताना ओठ ताणले जातात. नुसते ‘लांब म्हणा’ असे सांगून हे साधत नाही; आरशात पाहून साधते.

प्रश्न : ‘इट्स’मध्ये वरचा स्वल्पविराम, ज्याला ॲपॉस्ट्रॉफी म्हणतात, तो केव्हा द्यावा? ‘रामाचे’ लिहिताना देतो, मग ‘त्याचे’ लिहिताना का नाही?
— एक स्पर्धा परीक्षार्थी, जळगाव

उत्तर : वाक्यात ‘इट्स’च्या जागी ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’ असे सुटे करून वाचावे. वाक्य जमले, तर चिन्ह द्यावे. बिघडले, तर देऊ नये. नामाला मालकी दाखवताना हे चिन्ह लागते, सर्वनामाला लागत नाही: ‘हिज’, ‘हर्स’, ‘अवर्स’ यांपैकी कशातही ते नाही आणि ‘इट्स’ त्यांच्याच रांगेतला आहे. ‘हूज’ आणि ‘युअर’ यांनाही सुटे करण्याची हीच कसोटी लावावी.